कंदील ज्याच्या हातात

१३ सप्टेंबर २०२४. शुक्रवार. 'तुंबाड' पुन्हा थिएटरला लागला आणि आमच्या मित्रमंडळींच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एकच धांदल उडाली. कोण कुठला शो टाकतंय, कोणाला कोपऱ्यातली सीट मिळाली, कोणी आईला बरोबर नेऊन पस्तावलं... हाच सिनेमा १२ ऑक्टोबर २०१८ला पहिल्यांदा आला, तेव्हा यातले निम्मे लोक 'नंतर बघू' म्हणून घरी बसले होते. नंतर म्हणजे सहा वर्षांनी! दुसऱ्या खेपेला 'तुंबाड'ने पहिल्यापेक्षा जास्त गल्ला जमवला. जुना सिनेमा नव्याने लावून असं होणं आपल्याकडे दुर्मीळच.

सिनेमा संपल्यावर सगळे कशाबद्दल बोलत होते? पावसाबद्दल. त्या पडक्या वाड्याबद्दल. साखळीने बांधलेल्या म्हातारीबद्दल. आणि त्या लाल, ओल्या, श्वास घेणाऱ्या गर्भाबद्दल. दिग्दर्शक राही अनिल बर्वे, हीरो सोहम शाह, ही नावं आता पाठ झालीत. पण हे सगळं ज्याच्या कॅमेऱ्यातून आपल्यापर्यंत आलं, त्याचं नाव विचारलं की दहातले नऊ जण मोबाईल काढतात.

पंकज कुमार. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधून बाहेर पडलेला सिनेमॅटोग्राफर. 'शिप ऑफ थिसियस', 'हैदर', 'तलवार', 'तुंबाड', 'जजमेंटल है क्या'... यादी वाचून काय लक्षात येतं? यातल्या एकाही सिनेमानंतर माणूस शीळ घालत पार्किंगमध्ये जात नाही. सगळ्यांत काहीतरी कुजलेलं आहे. कुठे घरात, कुठे देशात, कुठे डोक्यात. आणि ते कुजणं हा माणूस उजेडाने दाखवतो.

हो, उजेडानेच. त्याच्या सिनेमांना सरसकट 'डार्क' म्हटलं जातं, पण माझं म्हणणं जरा वेगळं आहे. ते मला सुचलं ते अंधेरीतल्या प्रीव्ह्यू थिएटरमध्ये नाही, तर गोंदिया जिल्ह्यातल्या सडक अर्जुनीत. आता मुंबई-पुणेवाल्यांनी लगेच मॅप उघडू नका, सांगतेच.

गोष्टीचा पत्ता

नागपूरहून रायपूरच्या दिशेने निघालं की भंडारा, साकोली मागे टाकून हायवे गोंदिया जिल्ह्यात शिरतो. जुना एन.एच. ६, आताचा ५३. मुंबईहून कोलकात्याला जाणारे ट्रक याच रस्त्याने धावतात. जिल्ह्यात अर्जुनी दोन आहेत. एक अर्जुनी मोरगाव, ते रेल्वेलाइनवर. आणि दुसरी हायवेवरची, म्हणून सडक अर्जुनी. पत्ता नावातच! जवळच कोहमाऱ्याचा फाटा, तिथून गोंदियाचा रस्ता फुटतो. हायवेच्या एका अंगाला नवेगावचं जंगल, दुसऱ्या अंगाला नागझिरा. २०१३मध्ये दोन्ही मिळून नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प झाला. मराठी वाचणाऱ्यांना ही नावं नवी नाहीत. व्यंकटेश माडगूळकरांनी नागझिऱ्यावर पुस्तक लिहिलं आणि मारुती चितमपल्लींनी नवेगाव घराघरात पोचवलं.

आता 'तुंबाड'चा याच्याशी काय संबंध?

तर साल १९९३. राही बर्वे तेव्हा शाळकरी पोरगा. 'थँक यू मिस्टर ग्लाड'वाल्या अनिल बर्वेंचा हा मुलगा. मित्राबरोबर नागझिऱ्याच्या सहलीला आलेला असताना मित्राने त्याला नारायण धारपांची एक भयकथा सांगितली. सांगितली बरं का, वाचायला दिली नाही. पोरगा जाम टरकला. ती धारपांची 'आजी', आणि 'आजी'चं मूळ पुन्हा स्टीफन किंगच्या 'ग्रॅमा' या कथेत. म्हणजे अमेरिकेतली म्हातारी पुण्यामार्गे नागझिऱ्यात आली आणि तिथून एका पोराच्या डोक्यात जाऊन बसली. १९९७मध्ये, अठराव्या वर्षी, त्याने पहिला ड्राफ्ट लिहिला. पुढे २००९-१०मध्ये सातशे पानांचा स्टोरीबोर्ड काढला. सिनेमाचं नाव मात्र श्री. ना. पेंडशांच्या 'तुंबाडचे खोत'वरून घेतलं. कादंबरीची गोष्ट वेगळी, फक्त गावाचं नाव उसनं.

थोडक्यात काय, तर ज्या सिनेमाने आपल्याला कोकणातल्या पावसाची भीती घातली, त्याची पहिली ठिणगी पडली ती पूर्व विदर्भातल्या सागवान आणि बांबूच्या जंगलात.

'बॅटरी बुझवा जी'

मी सडक अर्जुनीला गेले होते ते झाडीपट्टीच्या नाटकांवर लिहायला. दिवाळी झाली की गोंदिया, भंडारा, गडचिरोली, चंद्रपूर या पट्ट्यात गावोगाव मंडप पडतात आणि नाटकं रात्रभर चालतात. पहाटे पब्लिक घरी जातं आणि तसंच धान कापायला शेतावर. पूर्वी दंडारीच्या खेळाला टेंभे असायचे, मग गॅसबत्त्या आल्या, आता हॅलोजन. मंडपातला उजेड भरपूर आणि सगळीकडे सारखा. त्याला कारण आहे. शेवटच्या रांगेतल्या आजोबांनाही खलनायकाची भुवई दिसली पाहिजे. तिथे अंधार म्हणजे लाइट गेली, एवढाच अर्थ.

नाटक नसलेल्या एका रात्री ज्यांच्याकडे उतरले होते, त्या घरातले काका मला धुऱ्यावरून जंगलाची कड दाखवायला घेऊन गेले. जंगलात रात्री जायची परवानगी नसतेच. आम्ही आपले शेतातच उभे. नोव्हेंबरची थंडी, चंद्र नाही, हायवेवरच्या ट्रकचा आवाज लांबून येतोय. मी शहरी सवयीने मोबाईलचा टॉर्च लावला. पायाखालचं पाचेक फूट धान लख्ख दिसलं. पुढे काळी भिंत.

काका म्हणाले, "बॅटरी बुझवा जी मॅडम. ते चालू असली का तुमाले काईच दिसत नाही. अन् तुमी मात्र साऱ्यायले दिसता."

बंद केला. पहिली पाच मिनिटं शुद्ध घाबरणं. मग हळूहळू बांध दिसायला लागला, मग मोहाचं झाड, मग झाडामागचं झाड. डोळ्यांना काळोखाची पूर्ण सवय व्हायला वीस ते तीस मिनिटं लागतात, हे शाळेत कधीतरी वाचलेलं. पण दिवसभर स्क्रीन आणि रात्री स्ट्रीटलाइट असल्यावर ती वीस मिनिटं आपल्याला मिळतात कुठे?

काकांचं वाक्य मात्र डोक्यातून जाईना. दिवा हातात असलेल्या माणसाला फार थोडं दिसतं आणि तो स्वतः सगळ्यांना दिसतो. त्या रात्री खोलीवर जाऊन लॅपटॉपवर 'तुंबाड' लावला. आणि बॉस, सिनेमा वेगळाच दिसला!

एका कंदिलाचं गणित

१९१८. तुंबाड. विनायक नावाचा मुलगा. आई जखमी धाकट्याला घेऊन गेलेली आणि घरात हा एकटा. दुसऱ्या खोलीत साखळीने बांधलेली म्हातारी, तिला झोपेतच जेवू घालायचं. जागी झाली तर तिचं जेवण म्हणजे तूच! (हे दृश्य एकट्याने पाहून दाखवा, माझ्याकडून कॉफी.)

आता भीती विसरून फक्त उजेड बघा. पोराच्या जवळ जेवढा दिवा, तेवढंच जग. साध्या दिव्याचं एक गणित आहे: अंतर दुप्पट केलं की उजेड निम्मा होत नाही, पाव होतो. तिप्पट केलं की एक नवमांश. म्हणजे कंदिलाजवळचा चेहरा उजळ, दोन पावलांवरचा खांब मळकट आणि चार पावलांवर जे काय आहे ते फक्त तुमच्या डोक्यात. पंकज कुमार हे गणित मोडत नाही. बऱ्याच हिंदी सिनेमांत हीरो मेणबत्ती पेटवतो आणि अख्खा बंगला दुधाळ निळ्या उजेडात न्हाऊन निघतो. चंद्र कुठून आला, विचारायचं नाही. इथे तसली फुकटची चंद्रकोर नाही. उजेड कुठून येतोय हे प्रत्येक फ्रेममध्ये पटतं, आणि तो जिथे संपतो तिथे त्याला संपू दिलेलं आहे.

अर्थात शूटिंगमध्ये एका कंदिलावर भागत नाही. कंदिलाला वाटेल असा उजेड बाहेरून, दुसऱ्या दिव्यांनी, गाळून, मंद करून द्यावा लागतो. खरी कारागिरी तीच: शंभर खटपटी करायच्या आणि प्रेक्षकाला वाटायला हवं की काही केलंच नाही. हॉलिवूडच्या 'बॅरी लिंडन'ची गोष्ट फिल्म सोसायटीवाले आवडीने सांगतात. १९७५च्या त्या सिनेमात मेणबत्तीच्या उजेडात शूट करायचं म्हणून स्टॅन्ली कुब्रिकने 'नासा'साठी बनवलेली लेन्स वापरली होती. 'गॉडफादर'वाल्या गॉर्डन विलिसला तर लोक 'अंधाराचा राजपुत्र' म्हणायचे, कारण त्याने मार्लन ब्रँडोचे डोळेच सावलीत ठेवले. स्टुडिओवाले वैतागले असणार! इतका महागडा नट आणि डोळे दिसत नाहीत म्हणजे काय?

पण 'तुंबाड'मध्ये अंधार फक्त मूड म्हणून येत नाही. तिथे दिवा हा लोभ आहे. विनायक मोठा होतो, पंधरा वर्षांनी परत येतो. खजिना विहिरीच्या खाली, देवीच्या गर्भात. तिथे दोर सोडून उतरायचं, पिठाची बाहुली दाखवून हस्तरला भुलवायचं आणि तो खाण्यात गुंतला की त्याच्या लंगोटातली नाणी ओढायची. कंदील विनायकच्या हातात आहे, म्हणून आपल्याला वाटतं की तोच शिकारी. पण धुऱ्यावरचे काका काय म्हणाले होते? दिवा ज्याच्या हातात, तो साऱ्यांना दिसतो. विनायकला नाण्यापुरतं दिसतं. नाण्यापलीकडचं, म्हणजे बायको, मुलगा, स्वतःची होत जाणारी अवस्था, हे त्याच्या उजेडाच्या कक्षेत येतच नाही. आपल्याला मात्र तो दिसत राहतो. दर खेपेला जरा जास्त थकलेला आणि जास्त हावरा.

इन्सेंटिव्हच्या एक्सेल शीटकडे बघणाऱ्या माणसाच्या तोंडावरचा लॅपटॉपचा निळा उजेड आठवा. हॉरर दुसरं काय असतं?

लाल रंगाचं कोडं

एक गंमत सांगते. खऱ्या काळोखात सगळ्यात आधी कुठला रंग मरतो? लाल. मंद उजेडात डोळ्यांतल्या रंग ओळखणाऱ्या पेशी जवळजवळ रजेवर जातात. ज्या जागत्या राहतात त्यांना लाल दिसत नाही, तो काळा वाटतो. संध्याकाळी बागेतली जास्वंद पानांआधी विझते, ती यामुळेच.

मग जमिनीखाली, विहिरीच्या तळाशी, मिट्ट काळोखात असलेला गर्भ 'तुंबाड'मध्ये लालभडक कसा? शास्त्राने चूक, पण सिनेमा म्हणून एकदम बरोबर. कारण वर, वाड्यात, गावात, कंदील जगाच्या नियमाने वागतो. तिथला रंग ओल्या मातीचा, शेवाळाचा, राखाडी आभाळाचा. खाली उतरलात की नियम बदलतो. तिथला उजेड कुठून येतोय हे आता नीट सांगता येत नाही, भिंतीच पेटल्यासारख्या वाटतात. आपण विहिरीत उतरलेलो नाही, विनायकच्या पोटात उतरलोय. सायकॉलॉजिकल सिनेमा म्हणजे मानसोपचारतज्ज्ञाचा सोफा आणि फ्लॅशबॅक असं ज्यांना वाटतं, त्यांनी हे उतरणं पाहावं. एक शब्दही न बोलता कॅमेरा बाहेरच्या जगातून आतल्या जगात जातो, फक्त रंग बदलून.

आणि तो पाऊस! तुंबाडवर देवांचा शाप म्हणून पाऊस थांबत नाही. मळभाचा उजेड सावली पाडत नाही, त्यामुळे वाड्याबाहेर दिवसाही वेळ कळत नाही. सकाळ की संध्याकाळ? पत्ता नाही. सावल्या नसलेलं गाव म्हणजे घड्याळ बंद पडलेलं गाव. तिथे तीन पिढ्या तीच चूक करत राहिल्या, यात नवल ते काय?

भरउजेडातला काळोख

'तुंबाड'वरून कोणाला वाटेल, पंकज कुमार म्हणजे कंदीलवाला. तसं असतं तर हा कॉलम इथेच संपला असता. त्याचे बाकीचे सिनेमे एकापाठोपाठ बघा, मजा तिथे आहे.

'शिप ऑफ थिसियस'. आनंद गांधीचा सिनेमा, २०१२मध्ये टोरांटोला दाखवला गेला आणि २०१३च्या जुलैमध्ये आपल्याकडे रिलीज झाला. त्याला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. पहिल्याच गोष्टीत एक अंध फोटोग्राफर आहे, आलिया. आवाजाच्या आणि स्पर्शाच्या अंदाजाने ती फोटो काढते आणि अप्रतिम काढते. मग डोळ्यांचं ऑपरेशन होतं, दिसायला लागतं आणि फोटो बिघडतात. दिसणं जास्त झालं आणि बघणं कमी. ही गोष्ट कॅमेऱ्याने सांगायची म्हणजे कॅमेरामनने स्वतःच्याच धंद्यावर प्रश्नचिन्ह लावायचं. सिनेमाच्या शेवटी एक गुहा आहे आणि त्या गुहेत कोणीतरी काढलेला व्हिडिओ. ज्याने तो काढला तो माणूस आता नाही. त्याच्या दिव्याने जेवढी भिंत उजळते तेवढीच आपल्याला दिसते. पाच वर्षांनी आलेल्या 'तुंबाड'ची विहीर इथे आधीच खणून ठेवलेली आहे, असं मला तरी वाटतं. मंडळीही बरीचशी तीच. आनंद गांधी 'तुंबाड'चा क्रिएटिव्ह डायरेक्टर आणि 'शिप'मधला स्टॉकब्रोकर म्हणजे सोहम शाह.

'हैदर'. २ ऑक्टोबर २०१४. विशाल भारद्वाजने 'हॅम्लेट' १९९५च्या काश्मीरमध्ये आणला. इथे अंधार शोधून सापडत नाही, कारण बर्फ पडलाय. सगळं पांढरं. बर्फ खालून उजेड परत फेकतो, चेहऱ्यावरच्या सावल्या पुसून टाकतो. कबरस्तानातला शेवट आठवा. लपायला एक कोपरा नाही, रक्ताचा एक थेंबही लपत नाही. आणि तरी कोण खरं, कोण खोटं, हैदरला कळत नाही. काळोखात काही न दिसणं साहजिक आहे. पण इतक्या उजेडात न दिसणं? ते जास्त भीतिदायक.

मग 'तलवार', २०१५. मेघना गुलजारचा. २००८च्या नोएडातल्या दुहेरी हत्याकांडावर बेतलेला. मध्यमवर्गीय फ्लॅट, आपल्यासारखाच. बेडरूम, हॉल, जिना, गच्ची. त्याच रात्रीची गोष्ट वेगवेगळ्या तपासांतून पुन्हापुन्हा दाखवली जाते. घर तेच, माणसं तीच, पण दर वेळी आई-वडील वेगळे वाटतात. यात कॅमेऱ्याने 'हे बघा, हा खुनी' असं कुठेही सुचवलं असतं तर सिनेमा कोसळला असता. आपल्या बाजूने उजेड न टाकणं, हेही काम असतं. पोलीस, मीडिया, शेजारी, सगळे आपापली बॅटरी घेऊन फिरताहेत आणि प्रत्येकाला आपल्या बॅटरीपुरतंच सत्य दिसतंय.

म्हणूनच सुरुवातीला म्हटलं, 'डार्क' हा शब्द या माणसाला पुरत नाही. कंदील, बर्फ, फ्लॅटमधला रोजचा उजेड. तीन तऱ्हांनी तो एकच गोष्ट सांगतो: माणसाला जेवढं बघायचं असतं तेवढाच दिवा तो धरतो.

प्रभातच्या अंगणातून

मराठी माणसाला यात थोडा हक्काचा अभिमान वाटायला हरकत नाही. पुण्याची फिल्म इन्स्टिट्यूट उभी आहे ती 'प्रभात'च्या जागेवर. १९३४च्या 'अमृतमंथन'मध्ये व्ही. शांताराम आणि कॅमेरामन केशवराव धायबर यांनी राजगुरूचा एक डोळा पडद्याभर दाखवला होता. टेलिफोटो लेन्सने काढलेला तो क्लोजअप अजूनही पुस्तकांत छापला जातो. माणसाच्या मनातलं विष चेहऱ्यावर, तेही एका डोळ्यात! नव्वद वर्षांपूर्वीचं 'सायकॉलॉजिकल' हेच की.

आणि कॅमेरामनच्या नावाचं म्हणाल, तर ही आपली जुनीच खोड. 'प्यासा' आणि 'कागज के फूल' गुरुदत्तचे, हे सगळ्यांना माहीत. तो उजेडाचा झोत व्ही. के. मूर्तींचा, हे किती जणांना? मूर्तींना फाळके पुरस्कार मिळाला तो २००८ सालचा. हा पुरस्कार मिळवणारे ते पहिले सिनेमॅटोग्राफर. 'कागज के फूल' १९५९चा, करा वजाबाकी.

पंकज कुमारच्या बाबतीत निदान इतका उशीर झाला नाही. २०१९मध्ये 'तुंबाड'साठी त्याला फिल्मफेअर मिळालं. त्याआधी २०१८मध्ये हा सिनेमा व्हेनिसच्या क्रिटिक्स वीकमध्ये ओपनिंगला दाखवला गेला होता. पण पुरस्काराच्या फोटोपेक्षा मला त्यामागची तारीखवार हकिगत जास्त महत्त्वाची वाटते. 'तुंबाड'चं शूटिंग पहिल्यांदा झालं २०१२मध्ये. एडिटिंगला बसल्यावर लक्षात आलं की जमत नाहीये. गोष्ट पुन्हा लिहिली, पुन्हा शूट केली, ते काम संपलं २०१५च्या मे महिन्यात. मग ग्राफिक्स वगैरे करत पडद्यावर यायला २०१८ उजाडलं. त्याआधी सात प्रॉडक्शन कंपन्या हो म्हणून मागे फिरल्या होत्या, ते वेगळंच.

आता कॅमेऱ्याच्या बाजूने विचार करा. २०१२चा उजेड २०१५ला जसाच्या तसा पुन्हा आणायचा. तोच पाऊस, तेच मळभ, कंदिलाचा तोच पिवळा. जोडलेली शिवण कुठे दिसता कामा नये. आपण दोन अप्रेझलमध्ये मनासारखं झालं नाही तर नोकरी डॉट कॉमवर प्रोफाइल अपडेट करतो. मधल्या काळात पंकज कुमार 'हैदर' करून आला, आणि पुन्हा त्याच तुंबाडच्या चिखलात उभा राहिला. झालेलं काम जमलं नाही हे मान्य करून ते पुन्हा करणाऱ्या टीममध्ये टिकून राहायला टॅलेंटपेक्षा वेगळं काहीतरी लागतं. त्याचं नाव 'पेशन्स' असेल कदाचित. आपल्या सीव्हीत हा शब्द असतोच, फक्त पुरावा मागितला तर पंचाईत.

मग या वीकेंडला

आपण या सगळ्याची कशी वाट लावतो, तेही बोलू. लोकलमध्ये, खिडकीतून ऊन येत असताना, सहा इंची स्क्रीनवर ब्राइटनेस फुल करून. कंदिलाबाहेरचा काळोख म्हणजे आपल्याला आपलाच चेहरा दिसणारी काच! २०१९च्या एप्रिलमध्ये 'गेम ऑफ थ्रोन्स'चा लढाईवाला एपिसोड आला तेव्हा जगभर बोंब झाली, 'काही दिसतच नाही'. कॅमेरामन फेबियन वॅगनरचं उत्तर साधारण असं होतं की दोष तुमच्या टीव्हीच्या सेटिंगमध्ये आहे. दोन्ही बाजूंचं थोडं थोडं खरं आहे. इंटरनेटवरून येणारं चित्र दाबूनदाबून लहान केलेलं असतं आणि त्यात पहिला बळी काळ्या रंगाच्या छटांचा जातो. गुळगुळीत काळोखाच्या जागी चौकोनी ठिगळं दिसतात ती त्यामुळे. पण खोलीतला ट्यूबलाइट बंद करायला इंटरनेट आड येत नाही ना?

तर कृती लिहून घ्या. शुक्रवारी रात्री जेवण उरका. घरातला सगळ्यात मोठा स्क्रीन निवडा. टीव्हीवरचा तो 'व्हिविड' नावाचा भडक मोड काढा, 'सिनेमा' किंवा 'मूव्ही' असेल तो लावा. दिवे बंद, पडदे बंद. फोन दुसऱ्या खोलीत, चार्जिंगला. आणि सिनेमा सुरू करायच्या आधी वीस मिनिटं नुसते अंधारात बसा. गप्पा मारा. कोणाला भुताची गोष्ट येत असेल तर सांगू द्या, नागझिऱ्यात एका पोराचं त्यानेच भलं झालं होतं. पहिली काही मिनिटं हात फोनकडे जाईल, जाऊ देऊ नका. हळूहळू कपाटाचा कोपरा दिसायला लागेल, मग खुर्ची, मग खुर्चीवर बसलेल्या माणसाचा चेहरा.

तेवढं दिसायला लागलं की मग 'तुंबाड' लावा.